गार पाण्याची वाटी

वैद्यबाईंनी वाटीत गार पाणी ओतलं आणि ती टेबलावरून पुढे सरकवली. "यात पीळ थोडं. चार-दोन थेंब पुरेत."

समोरची पोरगी संकोचून पाठमोरी झाली. तिच्या सासूनं बाळाला मांडीवर घेतलं होतं आणि सुनेला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देण्याचं काम इमानेइतबारे चालवलं होतं. काय खाते? काही विचारू नका, जिभेवर ताबा म्हणून नाही. झोपते का? कुंभकर्णासारखी. बाळ कधी रडतं? दिवे लागायच्या सुमाराला जे सुरू होतं ते सगळ्यांच्या नाकी नऊ आणतं. प्यायला घेतलं की दूध सोडतं, पाय पोटाशी घेतं, कमान करतं, तोंडाला घाम आणि पाय बर्फासारखे. पोट बघा, नुसता नगारा.

हे सगळं वैद्यबाईंना न ऐकताही कळलं असतं. सकाळपासून त्यांनी इतकी पोटं चाचपली होती की बोटांची टोकं बधिर झाली होती. दाराबाहेरच्या बाकावर अजून माणसं होती. कुणाचा खोकला, कुणाची कंबर, आणि एक आजोबा, जे नुसते गप्पा मारायला येत आणि नंबर मात्र सगळ्यात आधी लावत.

पोरीनं उभ्याउभ्याच दूध पिळलं. धार बारीक होती, हात थरथरत होता. वाटीत धार पडली, फेस आला आणि फेसाबरोबर दूध वरच तरंगत राहिलं.

"वात," वैद्यबाई म्हणाल्या. "दूध चांगलं असतं ना, ते पाण्यात सरळ मिसळतं. हे बघा, फेसाळलंय आणि वर राहिलंय. बाळ नुसतं दुधावर आहे, म्हणजे त्याच्या पोटात जो वारा शिरला तो आईच्या दुधातून शिरला. म्हणून औषध बाळाला नाही, आईला." सासूनं सुनेकडे एक नजर टाकली. ती नजर वैद्यबाईंनी आजवर शेकडो वेळा पाहिली असेल, पण नजरेला औषध नसतं म्हणून त्या पुढे सांगत राहिल्या. "कडधान्यं बंद, कोबी बंद, शिळं बंद. मऊ भात, तूप, सुंठ. कोमट पाणीच प्यायचं. गार पाण्याकडे बघायचंसुद्धा नाही. चिडायचं नाही, रडायचं नाही, जागरण करायचं नाही, काळजी करायची नाही. बाळाच्या बेंबीभोवती हिंगाचा लेप लावा आणि पोट कोमट फडक्यानं शेका. बरं वाटेल."

एवढं सगळं त्या एका दमात म्हणाल्या. रोज म्हणून म्हणून त्या वाक्यांना आता मधे श्वास घ्यावा लागत नव्हता.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून रडणं सुरू झालं. आधी एक बारीक सूर, मग थोडी शांतता, आणि मग सगळी इमारत डोक्यावर घेणारा आवाज. बाकावरची माणसं वर बघायला लागली. सासूनंही छताकडे पाहिलं.

"हे कोण हो?"

"आमचाच," वैद्यबाई म्हणाल्या. "नातू."

"अगंबाई! वैद्यांच्या घरीसुद्धा?"

"वैद्यांच्या घरीसुद्धा," असं म्हणून वैद्यबाईंनी पुड्या बांधायला घेतल्या. त्यांचे कान लाल झाले होते.

दवाखाना खाली, घर वर. मधे जिना. आयुष्यभर या सोयीचं वैद्यबाईंना कौतुक होतं. गेला महिनाभर मात्र तो जिना चढायच्या वेळेला त्यांचे पाय जड व्हायचे. लेक बाळंतपणाला आली होती. जावई बोटीवर नोकरीला, त्यामुळे तो बाळ बघून गेला आणि पुन्हा रविवारी यायचा होता. बाळ गुटगुटीत, दिवसभर गोड. सकाळी तर आईच्या कुशीत शिरून असं तब्येतीत दूध प्यायचं की बघणाऱ्याला भूक लागावी. पण पलीकडच्या कारखान्याचा संध्याकाळचा भोंगा झाला की तेही सुरू व्हायचं. म्हणून अप्पांनी, म्हणजे वैद्यबाईंच्या नवऱ्यांनी, त्याचं नावच भोंगा ठेवलं होतं. कारखान्याचा भोंगा निदान बंद व्हायचा, असं ते म्हणत.

वैद्यबाई वर गेल्या तेव्हा लेक बाळाला खांद्यावर घेऊन खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी अशा फेऱ्या मारत होती. केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं. ती रंगाच्या कारखान्यात रंग जुळवायचं काम करायची. कुणी जुन्या भिंतीचा टवका आणून दिला तर त्यात थेंबभर पिवळा आणि कणभर काळा घालून ती हुबेहूब तोच रंग बनवायची. अप्पा तिला लाडानं रंगारीण म्हणत. आता तिच्या स्वतःच्या चेहऱ्याचा रंग कुठल्याच डब्यात मिळाला नसता.

"हिंग लावला?"

"लावला."

"शेकलंस?"

"शेकलं, तेल लावलं, उलटं झोपवलं, सुलटं झोपवलं. आई, सगळं केलं."

"आणि तू काय खाल्लंस?"

लेक थांबली. एवढ्या आवाजातही तिचं थांबणं ऐकू आलं. "मऊ भात," ती म्हणाली. "तू सांगितलेला. कालसारखा, परवासारखा. मी दुसरं काय खाणार आहे या घरात?"

ती खोटं बोलत नव्हती. आल्यापासून तिचं ताट वैद्यबाईंनी स्वतः वाढलं होतं. दुसऱ्याच्या सुनेला जे सांगायचं ते आपल्या लेकीला दुपटीनं, असा त्यांचा बाणा. नाहीतर लोक म्हणतील, घरच्यांना सूट. कडधान्यं बंद केली, मग बटाटा, मग फळं, शेवटी चहाही गेला. उन्हाचे दिवस होते, दुपारी भिंतीसुद्धा तापायच्या, आणि लेक कोमट पाण्याचा पेला हातात घेऊन औषधासारखा घोट घोट प्यायची. दूध पाजायला बसलं की तिच्या घशाला कोरड पडायची. एकदा तिनं विनवलं होतं, "आई, एक घोट गार पाणी दे ना गं. एकच." वैद्यबाई म्हणाल्या होत्या, "तो घोट तुझ्या पोटात नाही जाणार, त्याच्या पोटात जाईल." त्यानंतर तिनं मागितलं नाही. अप्पा बिचारे फ्रीजमधली बाटली स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून प्यायचे.

आणि दर तिसऱ्या दिवशी वैद्यबाई वाटी घेऊन वर यायच्या. तपासणीला पाणी गारच लागतं, म्हणून त्याच बाटलीतलं पाणी वाटीत ओतायचं, लेकीपुढे धरायचं आणि म्हणायचं, पीळ. लेक आधी त्या पाण्याकडे बघायची. वाटीला बाहेरून दव आलेलं असायचं. मग ती रडणाऱ्या बाळाला एका हातात धरून दुसऱ्या हातानं दूध पिळायची. फेस यायचा, दूध तरंगायचं. वैद्यबाई म्हणायच्या, "अजून वात आहे," आणि जेवणातला आणखी एखादा पदार्थ कमी करायच्या.

त्या संध्याकाळी भोंगा दमून झोपला तेव्हा लेक भिंतीला टेकून बसली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "रविवारी हे आले की मी डब्याचं दूध सुरू करते."

"का?"

"का म्हणजे? माझ्या अंगात विष आहे आणि मी ते त्याला रोज पाजते. तूच दाखवतेस ना मला वाटीत?"

"विष कधी म्हणाले मी?"

"वात म्हणालीस. त्याला कळ येते, तो तडफडतो, आणि ते माझ्यामुळे. मग त्याला मी काय म्हणू?" तिनं झोपलेल्या बाळाच्या पावलांवरून अंगठा फिरवला. "मला पाजायला आवडतं गं. सकाळी तो पितो ना, तेव्हा वाटतं की हे एक काम तरी आपल्याला जमतंय. पण आवडतं म्हणून त्याला छळायचं का?"

डब्याच्या दुधानंही पोरं वाढतात, हे वैद्यबाईंना ठाऊक होतं. अडचणीत त्यांनी स्वतः अनेकींना ते द्यायला सांगितलं होतं. पण आपलं दूध बाळाला बाधतं असं समजून जी बाई थांबते, तिच्या मनातून ती गोष्ट जन्मभर जात नाही, हेही त्यांनी पाहिलं होतं. "रविवारपर्यंत थांब," त्या म्हणाल्या. "औषध चालू आहे. दूध शुद्ध होईल." बोलता बोलता त्यांना जांभई आली आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणी होती. बाळ झोपलं होतं. वैद्यबाईंनी वाटीत पाणी घेतलं, तर लेक म्हणाली, "मी आतून घेऊन येते. मला लाज वाटते अप्पांसमोर." अप्पा तर वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते आणि त्यांना चष्म्याशिवाय समोरचा हत्ती दिसला नसता. तरी वैद्यबाई बरं म्हणाल्या. लेक आत गेली आणि पेल्यात थोडं दूध घेऊन बाहेर आली. पातळ, किंचित निळसर झाक असलेलं. तिनं पेला वाटीच्या काठाला टेकवला आणि हलकेच कलता केला.

दूध पाण्यात उतरलं आणि पसरलं. फेस नाही, तार नाही, तरंग नाही. सगळं पाणी एकसारखं पांढुरकं झालं. पुस्तकात चित्र छापावं तसं.

"अहो, बघा!" वैद्यबाईंच्या तोंडून निघून गेलं. अप्पांनी चष्मा शोधला, वाटीत डोकावून पाहिलं आणि "वा रंगारीण! काय शेड जमलीये!" म्हणून टाळी वाजवली. लेक हसली नाही. ती आईच्या तोंडाकडे बघत होती, परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तशी.

वैद्यबाईंनी सवयीनं पेल्यातल्या उरलेल्या दुधात बोट बुडवून जिभेला लावलं. चवही बघायची असते, तुरट की गोड. चव जिभेवर आली आणि त्यांचं बोट तसंच ओठांशी राहिलं. गोड नाही, तुरटही नाही. तापवलेल्या सायीची चव होती. सकाळी त्यांनी स्वतः पिशवी फोडून तापवलेलं, चहाचं दूध. त्यात पाणी घालून, निळसर झाक येईपर्यंत घालून, लेकीनं रंग जुळवला होता. रंग तंतोतंत जुळला होता. तिच्या हातात कलाच तशी होती.

त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. चाळीस वर्षं या वाटीवर काढली आणि पोटच्या पोरीनं त्यात चहाचं दूध ओतावं! त्यांनी मान वर केली, बोलायला तोंड उघडलं, आणि लेकीचे डोळे दिसले. त्या डोळ्यांत लबाडी असती तर वैद्यबाई फाडकन बोलल्या असत्या. पण लबाडी नव्हतीच. नुसती वाट बघणं होतं.

"शुद्ध आहे," वैद्यबाई म्हणाल्या.

लेकीनं मान हलवली, पेला उचलला आणि ती आत निघून गेली. तिला आनंद झाल्याचं काही दिसलं नाही. वैद्यबाई जिना उतरल्या ते रागात. दोन पायऱ्या उतरल्यावर राग कुणावर आहे तेच त्यांना कळेना, तेव्हा त्या कठडा धरून क्षणभर उभ्या राहिल्या.

दवाखान्यामागच्या खोलीत काढे उकळायची शेगडी होती. तिथे चहासाठी दुधाचं भांडं असायचं. दुपारची वेळ, बाकावर कुणी नव्हतं. वैद्यबाईंनी एक वाटी पाणी घेतलं आणि त्यात चमच्यानं काठाकाठानं दूध सोडलं. मिसळलं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दुसरी वाटी भरली, बाळांना औषध पाजायच्या पिचकारीत तेच दूध घेतलं आणि हात उंच धरून जोरात दाबलं.

बारीक धार वाटीत पडली. फुसफुस फेस आला आणि दूध फेसाबरोबर वर तरंगत राहिलं.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच. एकाच भांड्यातलं दूध. काठानं सोडलं की शुद्ध, उंचावरून धार मारली की वात. वैद्यबाई स्टुलावर बसल्या. शेगडीवरचा काढा उतू जाऊन जळल्याचा वास आला तरी त्या उठल्या नाहीत.

त्यांचे वडील याच खोलीत ही तपासणी करायचे. आलेल्या बाईला ते आधी आतल्या खाटेवर आडवी व्हायला लावत. बाळ तिच्या माणसांकडे. बाई चांगली तासभर झोपली तरी उठवत नसत. मग ती उठली की शांतपणे पेल्यात दूध काढायचं, पेला झाकून बाजूला ठेवायचा, फेस निवला की काठानं पाण्यात सोडायचं. वैद्यबाई तेव्हा नव्यानं शिकत होत्या आणि बाहेरची रांग बघून त्यांचा जीव वरखाली व्हायचा. वडिलांच्या मागे दवाखाना हातात आल्यावर त्यांनी आधी खाट काढली, कारण जागा अडत होती. मग पेला काढला, कारण वेळ जात होता. उरली ती वाटी. दमलेली बाई, उभ्याउभ्या, थरथरत्या हातानं, सासूसमोर दूध पिळणार, आणि त्यात फेस आला की वैद्यबाई सांगणार, तुझ्यात वात आहे. फेस नाही यायचा तर काय येईल? ज्या बाया खरोखर आजारी होत्या त्या आणि ज्या नुसत्या थकल्या होत्या त्या, सगळ्या एकाच वाटीत तरंगल्या.

शोकानं, भीतीनं, जागरणानं दूध बिघडतं, हे त्यांना मुखोद्गत होतं. रोज तर सांगायच्या. फक्त पथ्याच्या वस्तूंसारखं सांगायच्या. कोबी खाऊ नकोस, काळजी करू नकोस. कोबी ताटातून काढता येतो. काळजी कुठून काढायची ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि झोप कुणी द्यायची तेही नाही.

संध्याकाळी त्यांनी दाराला 'आज बंद'ची पाटी लावली. गप्पा मारायला येणारे आजोबा म्हणाले, "बाई, माझा पहिला नंबर होता." वैद्यबाई म्हणाल्या, "उद्याही पहिलाच देते," आणि जिना चढल्या. कारखान्याचा भोंगा नुकताच झाला होता. घरचा सुरू झाला होता.

लेक नेहमीसारखी फेऱ्या मारत होती. आईला बघताच ती थांबली. "आता का रडतोय?" तिचा आवाज चिरकला. "दूध तर शुद्ध आहे ना? तू सांगितलंस ना दुपारी? मग आता का?"

"दे त्याला इकडे."

"आधी सांग."

"ते पिशवीतलं होतं," वैद्यबाई म्हणाल्या.

लेक पांढरीफटक पडली. अप्पांनी वर्तमानपत्र खाली घेतलं, परिस्थिती पाहिली आणि पुन्हा वर धरलं.

"तुला कळलं होतं?"

"जिभेला लागल्यालागल्या."

"मग शुद्ध का म्हणालीस?"

"तू का आणलंस ते?"

बाळ खांद्यावर किंचाळत होतं, त्यामुळे लेकीला ओरडूनच बोलावं लागलं, आणि जे कुजबुजत सांगायचं ते असं ओरडून सांगावं लागलं म्हणून ते ऐकायला फार वाईट वाटलं. "मला एकदा ऐकायचं होतं! तुझ्या तोंडून! की चांगलं आहे म्हणून! महिनाभर सगळं ऐकलं तुझं, एकदा तरी म्हणशील असं वाटलं. आणि म्हणालीस ते कशाला? चहाच्या दुधाला!"

वैद्यबाईंनी पिचकारीचं, फेसाचं, वडिलांच्या खाटेचं सगळं सांगितलं. चूक माझ्या हाताची होती, तुझ्या दुधाची नव्हती, असं स्वच्छ शब्दांत सांगितलं. लेकीनं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"आता माझं मन राखायला सांगतेस. दुपारी सांगितलंस तसंच."

दुपारचा तो एक शब्द त्यांनी दयेनं खर्च केला होता आणि आता खरं सांगायची वेळ आली तेव्हा त्यांच्यापाशी शब्दच उरला नव्हता. "बरं," त्या म्हणाल्या. "नको विश्वास ठेवूस. आत जा, दार लाव आणि झोप. उठलीस की नीट तपासू, माझे वडील करायचे तसं. वात निघाला तर वात म्हणेन. शपथेवर."

"तो रडतोय आणि मी झोपू?"

"तू जागी असलीस तरी तो रडतोच आहे."

हे मात्र लेकीला नाकारता आलं नाही. तिनं बाळ आईच्या हातात दिलं. दाराशी जाऊन ती दोनदा वळली आणि मग दार लागलं.

वैद्यबाईंनी आयुष्यात किती बाळं हाताळली असतील, पण ती तपासण्यापुरती. रडणारं बाळ पोट चाचपून आईकडे परत देण्याची त्यांना सवय होती. हे परत द्यायला कुणी नव्हतं. त्यांनी हिंग लावला, पोटावर तेल जिरवलं, पाय दुमडून पोटाशी धरले, उकळून ठेवलेलं सगळं पाणी शेकण्यात संपवलं. भोंगा वाजतच राहिला. त्यांनी खिडकी ते कपाट, कपाट ते खिडकी सुरू केलं. लादीतला एक तुकडा पायाखाली हलतो हे त्यांना आजच कळलं. रोज वरून ऐकू येणारा खटखट आवाज तो हाच. कंबर धरली, कान किटले, हाताला मुंग्या आल्या. जागरण करू नका, चिडू नका, काळजी करू नका, असं आता कुणी येऊन सांगितलं असतं तर वैद्यबाईंनी त्याला जिन्यावरून ढकलून दिलं असतं.

"माझ्याकडे दे थोडा वेळ," अप्पा म्हणाले. त्यांनी नातवाला घेतलं आणि त्याला वर्तमानपत्रातले बाजारभाव मोठ्यानं वाचून दाखवले. त्याचाही उपयोग झाला नाही. पुन्हा वैद्यबाईंची पाळी. असं आलटून पालटून चाललं. दोघांनाही जेवायची शुद्ध नव्हती. मग केव्हातरी, कशानं ते कुणालाच कळलं नाही, बाळानं एक लांब उसासा टाकला आणि ते आजीच्या खांद्यावर ओला गाल टेकून निपचित झोपलं. हिंगानं म्हणावं तर हिंग कधीच वाळला होता. बहुधा त्याचंच संपलं असावं.

"हे असं रोज?" अप्पांनी हळूच विचारलं.

"रोज," वैद्यबाई म्हणाल्या. "आणि वर आपण तिलाच विचारतो, काय खाल्लंस."

त्या बसल्या नाहीत, बाळ उठेल म्हणून. एका हातानं त्यांनी तयारी केली. स्वच्छ पेला, त्यावर झाकण. वाटी. उकळलेलं पाणी शेकण्यात गेलं होतं, आणि तपासणीला गारच लागतं, म्हणून अप्पांच्या बाटलीतलं ओतलं. वाटीला बाहेरून दव धरलं.

आतलं दार उघडलं. लेक झोपेतून उठून आली होती. गालावर उशीच्या सुरकुत्या, पुढचा कपडा दुधानं भिजलेला. पहिल्यांदा तिनं बाळाकडे पाहिलं. "रडला?"

"खूप."

"मला उठवलं का नाही?"

"उठवून काय केलं असतंस? तूही रडली असतीस."

लेक भिंतीला टेकून बसली. तिची नजर टेबलावर गेली. पेला, झाकण, वाटी. ती एकदम जागी झाली आणि तिचे खांदे आखडले. "कर तर मग," ती म्हणाली. "आण पेला." पेल्यासाठी पुढे केलेला तिचा हात आज थरथरत नव्हता, पण तिनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

त्याच वेळी बाळ चुळबुळलं. तोंड इकडे-तिकडे फिरवत, आजीच्या मानेशी काही मिळतंय का ते चाचपडायला लागलं. वैद्यबाईंनी मिटल्या डोळ्यांच्या लेकीकडे पाहिलं आणि पुढे केलेल्या हातात पेल्याऐवजी बाळ दिलं.

लेकीनं डोळे उघडले. "आणि तपासणी?"

"तो करेल. भूक लागलीये त्याला."

बाळ पदराखाली शिरलं. आधी घाईनं, मग लयीत. गिळण्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. लेक त्याच्या टाळूकडे बघत राहिली, त्याची कमान होते का, पाय आखडतात का याची वाट बघत. त्याचे पाय सैल पडले होते. तिनं सुकलेल्या ओठांवरून जीभ फिरवली. दूध उतरलं की तिच्या घशाला कोरड पडायची, तशी आताही पडली होती. तिनं वाटीकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

वैद्यबाईंनी वाटी उचलली आणि तिच्या ओठांना लावली.

"अगं, हे तपासायचं पाणी."

"पी."

तिनं एक घोट घेतला. थांबली. आईच्या तोंडाकडे पाहिलं, अजून कुणी नाही म्हणेल म्हणून. मग घटाघटा सगळी वाटी रिकामी केली. हनुवटीवरून ओघळलेला थेंब बाळाच्या गालावर पडला. त्यानं डोळे किलकिले केले आणि पिणं चालू ठेवलं.

"गार आहे गं," लेक म्हणाली आणि तिला हुंदका आला.

"असू दे," वैद्यबाई म्हणाल्या. "अहो, बाटली आणा इकडे."